पन्हाळा, आंबा घाट, गगनबावडा, दाजीपूर एका दिवसात? ताई, एकच नदी धरा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मग लिहायला बसलो. आधी मला समजलंय ते सांगतो म्हंजे काही चुकत असेल तर तुम्ही दुरुस्त करा. तुम्ही नागपूरहून येताय, तुळशीचं लग्न झाल्यावर कोल्हापुरात घरचं लग्न आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस मोकळा मिळतोय. गाडीत तुम्ही दोघं, सासूबाई ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत, आणि दोन मुलं, एक बारा वर्षांचा आणि एक सात, त्यातल्या धाकट्याला घाटात उलटी होते. सकाळी ९ ला निघून पन्हाळा, मसाई पठारावरची फुलं, आंबा घाट, गगनबावडा, जमलं तर दाजीपूरचे गवे, आणि संध्याकाळी अंबाबाई आणि रंकाळा. हे सगळं कसं बसवायचं असं विचारलंय.

मी गेली २२ वर्षं इथं टूरिस्ट गाडी चालवतो, पहिली पंधरा दुसऱ्याची आणि आता स्वतःची. असली यादी महिन्यातनं दोनदा तरी हातात पडते, आणि यादी करणाऱ्याची चूक नसते कारण मोबाईलवर बघितलं की सगळं कोल्हापूरच्या आसपासच दिसतं, हे २२ किलोमीटर ते ५५ किलोमीटर, मग वाटतं होईल की. पण खरा प्रश्न कुठं कुठं जायचं हा नाहीच. तुमच्याकडं उजेड किती आहे आणि त्यातला किती गाडीत बसून घालवायचा, हा आहे.

हिशोबच करून बघू. कोल्हापूर ते पन्हाळा २२ किलोमीटर धरा, गगनबावडा ५५, आंबा ६५ च्या आसपास, दाजीपूर ८०. प्रत्येकाला जाऊन येऊन धरलं तर ४४ अधिक ११० अधिक १३० अधिक १६०, म्हंजे ४४० च्या वर जातंय, थोडं इकडंतिकडं वाचेल पण लई नाही. डोंगराकडच्या रस्त्यावर गावं, म्हशी, ऊसाच्या ट्रॉल्या, वळणं असं सगळं धरून तासाला ३५ ते ४० पडतात, त्याच्यावर कुणी सांगत असेल तर तो एकतर हायवेचं सांगतोय नाहीतर गाडी वाईट चालवतोय. म्हंजे अकरा-बारा तास नुसतं ड्रायव्हिंग झालं. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य उगवतो साधारण पावणेसातला आणि मावळतो ६ वाजता, म्हंजे पूर्ण उजेडच सव्वाअकरा तासांचा. ९ ला निघालात तर नऊच तास राहिले.

आता लोक म्हणतात परत कोल्हापूरला कशाला यायचं, तिकडनं तिकडं जाऊ की. इथंच घोळ होतो. हाताचा पंजा पसरून बघा. तळवा म्हंजे कोल्हापूर आणि बोटं म्हंजे पश्चिमेकडं जाणारे रस्ते. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण उभी आहे, तिच्यातनं नद्या निघून पूर्वेला आपल्याकडं येतात, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, या मिळूनच पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रत्येक नदीचं खोरं वेगळं आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगराची सोंड. रस्ते या खोऱ्यांतनंच गेलेत, गगनबावड्याचा रस्ता कुंभीच्या अंगानं जातो, राधानगरीचा भोगावतीच्या अंगानं. त्यामुळं एका बोटाच्या टोकावरनं दुसऱ्याच्या टोकावर जायचं तर परत तळव्याकडं यावं लागतं. मधनं आडरस्ते आहेत, मी जातोही, पण ते एकेरी, अरुंद, समोरनं ट्रॅक्टर आला की पाव किलोमीटर मागं घ्यावं लागतं असले, नागपूरच्या माणसानं पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या वाटेला जाऊ नये. पन्हाळा आणि आंबा तेवढे एका अंगाचे आहेत, रत्नागिरी रोडला वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा फुटतो आणि सरळ गेलं की बांबवडे, मलकापूर करत आंबा येतं. बाकी सगळी वेगवेगळी बोटं.

म्हणून मी पार्टीला, म्हंजे गाडी ठरवणाऱ्या पाहुण्यांना, पहिलं हेच सांगतो, एक दिवस असेल तर एक नदी धरा, तिच्या कडेकडेनं वर जा, ती जिथनं निघते त्या कड्यावर निवांत बसा आणि त्याच वाटेनं खाली या.

कुठली नदी धरायची हे मात्र तीन गोष्टींवर आहे, तारीख, गाडीतली माणसं आणि त्या आठवड्यात पाऊस झालाय का. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही, म्हणून एकेक सांगतो.

तारखेचं आधी, कारण तुमचा सगळ्यात मोठा हिरमोड तिथं होणार आहे आणि तो इथंच झालेला बरा. मसाईची फुलं तुम्हाला मिळणार नाहीत. तुम्ही जे फोटो बघितलेत, सगळं पठार जांभळं-पिवळं, तेरडा, सोनकी, कवला, सीतेची आसवं, ते भाद्रपद-आश्विनातलं, म्हंजे सप्टेंबर आणि फार तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा-दहा दिवस. पठारावर मातीचा थर बोटभर असतो, खाली जांभा दगड. पाऊस चालू असतो तोवर त्यात पाणी राहतं आणि ही झाडं तेवढ्यात उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात. पाऊस थांबला की दगड तापतो आणि पंधरा दिवसात सगळं वाळतं. कार्तिकात तुम्हाला तिथं सोनेरी गवत दिसेल आणि लई वारा. मला स्वतःला ते गवत फुलांइतकंच आवडतं, सकाळचं ऊन तिरकं पडलं की अख्खं पठार हलतंय असं वाटतं, पण मुलांना फुलं दाखवतो म्हणून नेलंत तर ती रुसतील. बर्कीचा, राऊतवाडीचा धबधबा यांचंही तसंच, तोपर्यंत धार बारीक झालेली असते, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

पण कार्तिकात जे मिळतं ते श्रावणात मिळत नाही, हेही ऐका. पावसाळ्यात गगनबावड्याला दहातनं सात दिवस धुक्याशिवाय काही दिसत नाही, लोक कड्यावर जाऊन पांढरी भिंत बघून येतात. परतीचा पाऊस एकदा गेला की हवा कोरडी व्हायला लागते, रात्री गार पडतं, आणि खाली कोकणात दमट हवा तशीच असते. मग पहाटे काय होतं, ते सगळं धुकं खाली दरीत भरून राहतं आणि वर कड्यावर स्वच्छ ऊन. तुम्ही वर उभे आणि पायाखाली ढग, त्यातनं डोंगरांची टोकं बेटांसारखी वर आलेली. हे रोज होत नाही, खोटं सांगणार नाही. पण आदल्या दिवशी दुपारी एखादी सर येऊन गेली असेल आणि रात्री आभाळ उघडलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्टीला अर्धा तास लवकरच उठवतो. साडेनऊ-दहाला ऊन चढलं की धुकं उठतं, त्यानंतर तास-दीड तास दरी स्वच्छ दिसते, आणि दुपारी बारानंतर सगळं धुरकट. म्हणून ९ ला कोल्हापुरातनं निघणं म्हंजे जे बघायला चाललोय ते संपल्यावर पोचणं.

आता तुमच्या गाडीतली माणसं. सासूबाईंचा गुडघा बघता विशाळगड, मोरजाई पठार असली चढ-उताराची ठिकाणं बाजूला. दाजीपूरही मी एका दिवसात सांगणार नाही आणि त्याला कारण आहे. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, १९५८ पासूनचं, पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ ला जागतिक वारशात गेल्या त्यात हेही आहे. गवा काही गेटवर उभा नसतो. तो बाहेर येतो भल्या पहाटे नाहीतर दिवस मावळताना, भर दुपारी दाट सावलीत बसलेला असतो. म्हंजे तुम्ही कोल्हापुरातनं ८० किलोमीटर करून ११ ला पोचणार, आतल्या खडबडीत मातीच्या रस्त्यानं दोन-अडीच तास हादरे खाणार आणि गव्याचं शेण आणि खुरं बघून परत येणार. नव्या गुडघ्याला ते हादरे नकोत. दाजीपूर करायचं तर राधानगरीत एक रात्र मुक्काम करून, शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण निवांत बघून, दुसऱ्या दिवशी पहाटे आत जायचं. पुढच्या खेपेला करा, मी सांगेन कसं ते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि कधी उघडणार ते वनखात्याकडनं कळतं, तेवढं तेव्हा विचारून घ्या.

आंबा घाट सुंदर आहे, झाडी गगनबावड्यापेक्षा दाट. पण तो रत्नागिरीचा हायवे आहे, ट्रक-कंटेनर सतत, रुंदीकरणाची कामं चालू असली की कुठं गाडी तटेल सांगता येत नाही, आणि थांबून बघायला म्हाताऱ्या माणसाला सुरक्षित अशा जागा कमी.

म्हणून तुमच्यासाठी मी कुंभी धरीन, म्हंजे गगनबावडा. का, ते एका जुन्या गोष्टीवरनं सांगतो, ती मी विसरू शकलेलो नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील, असाच कार्तिक महिना, मुंबईची एक फॅमिली होती, तुमच्यासारखीच यादी. मी तेव्हा गाडी दुसऱ्याची चालवायचो, पार्टी म्हणेल तसं करायचं एवढंच डोक्यात, मी हो म्हणालो. निघायला साडेनऊ झाले. पन्हाळ्यावर १ वाजला, जेवणात अडीच, मग मधे कुठंतरी फोटो, मग एकाला औषधाचं दुकान पाहिजे होतं, असं करत गगनबावड्याच्या कड्यावर पोचलो तेव्हा सव्वासहा. मागच्या सीटवर एक आजोबा होते, सकाळपासनं एक शब्द बोलले नव्हते. ते खाली उतरले, कठड्याला धरून उभे राहिले. तेव्हा मला त्यांच्या मुलाकडनं कळलं की यांचं मूळ गाव खाली वैभववाडीच्या बाजूला, चाळीस वर्षांत गेले नाहीत, आणि वरनं गाव दिसतं का एवढंच बघायचं म्हणून ते आले होते. बाकी सगळी यादी पोरांची होती. खाली काळाकुट्ट अंधार, चार-पाच दिवे लुकलुकत होते. आजोबा त्या दिव्यांकडं बोट करून नातीला म्हणाले, तिकडंच कुठंतरी बघ. आणि गाडीत येऊन बसले. परत येताना साळवणच्या पुढं ऊसाची डबल ट्रॉली, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात एकदम समोर, ब्रेक लागला म्हणून वाचलो, पण त्या प्रसंगापेक्षा मला ते बोट जास्त आठवतं. त्याच्यानंतर मी गाडीत बसायच्या आधी एकच विचारतो, तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला काय बघायचंय? तुम्ही सासूबाईंना विचारलंय का ते लिहिलेलं नाही. विचारा. त्या म्हणाल्या मला फक्त अंबाबाईच निवांत बघायची आहे, तर हा सगळा प्लॅन फाडून टाका आणि त्यांना सकाळी लवकर देवळात न्या, मी मनापासनं सांगतोय.

आता दिवस कसा जाईल ते लिहितो.

सव्वासहाला कोल्हापुरातनं निघा. मुलांना झोपेतच उचलून गाडीत टाका, उठवून आवरत बसलात की सात वाजलेच. डिझेल-पेट्रोल आदल्या रात्रीच भरा, पुढं पंप आहेत पण कमी. रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडी, बालिंगा, मग कळे. कळ्याला चहा घ्या आणि बाईमाणसांची सोय तिथंच चहाच्या हॉटेलात विचारून उरकून घ्या, पुढं शोधत बसावं लागतं. तिथनं पुढं मांडुकली, साळवण, असळज, हा रस्ता दिवाळीनंतर बघण्यासारखा असतो. दोन्ही बाजूला भाताची कापणी चाललेली, कापलेल्या भाताचा वास गाडीत येतो, काच खाली ठेवा. काही ठिकाणी भात रस्त्याच्या कडेलाच वाळत टाकलेलं असतं, त्याच्यावरनं गाडी घालू नका, तो त्यांच्या वर्षाचा घास आहे.

धाकट्याच्या उलटीचं. त्याला उपाशी ठेवू नका आणि पोटभरही देऊ नका, अर्धी चपाती नाहीतर दोन बिस्किटं, दूध अजिबात नको. मधल्या सीटवर, समोरची काच दिसेल असं बसवा, हातात मोबाईल देऊ नका, वळणावर खाली स्क्रीनकडं बघणारं पोर हमखास ओकतं. आवळा सुपारी, लिंबू जवळ ठेवा. पण खरं औषध ड्रायव्हरच्या पायात आहे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात हळू सोडायचं, वळणात शिरल्यावर ब्रेक मारला की पोटातलं सगळं हलतं. तुमचे मिस्टर चालवणार असतील तर त्यांना हे वाचायला द्या. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि तुमच्या सुदैवानं गगनबावड्यापर्यंत येताना मोठा घाट लागतच नाही, कारण आपण देशावरच आहोत, कडा पुढं आहे. घाट उतरायचाच नाही, तोंडाशी थांबायचं. आंबोलीपेक्षा मी तुम्हाला हे का सांगतोय त्यातलं हे एक कारण, आंबोली तर कोल्हापुरातनं ११० किलोमीटरच्या पुढं, एका दिवसात नुसती पळापळ.

पावणेआठ-आठला गगनबावड्यात. इथनं दोन घाट खाली उतरतात, करूळ वैभववाडीकडं आणि भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. करूळ २०२४ पासून कामासाठी बराच काळ बंद होता आणि दरडी पडायची खोड त्याला आहेच, म्हणून आदल्या दिवशी चालू आहे का ते विचारून घ्या, पण तुम्हाला फक्त तोंडापर्यंत जायचंय त्यामुळं फार बिघडत नाही. गाडी पूर्ण रस्त्याच्या खाली घ्या, वळणावर लावू नका. आणि इथं माझी एक सवय सांगतो, माझ्या डिकीत कायम एक फोल्डिंगची खुर्ची असते. गुडघेवाल्या माणसाला दगडावर खाली बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही, मग ती माणसं पाच मिनिटं उभी राहतात आणि म्हणतात चला झालं. खुर्ची दिली की तीच माणसं तासभर हलत नाहीत. खुर्ची, एक शाल, थर्मासमध्ये चहा. नोव्हेंबरात आठ वाजता तिथं वारं गार असतं, नागपूरच्या थंडीसारखं नाही पण कानाला लागतं. माकडं असतात, खाण्याची पिशवी मांडीवर उघडी ठेवू नका आणि मुलांना कठड्यावर चढू देऊ नका.

तासभर झाला की गगनगड. शिलाहार भोज राजाच्या काळातला किल्ला, वर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या आहेत, त्या सासूबाईंनी नाही चढल्या तरी चालेल, एकजण त्यांच्यापाशी खाली थांबा आणि आळीपाळीनं जा. वरनं देशाची बाजू आणि कोकणाची बाजू दोन्ही एकदम दिसतात, मोठ्या मुलाला तिथं उभं करून दाखवा की इकडं पडलेलं पाणी कोल्हापूरला येऊन पंचगंगेतनं कृष्णेला, पुढं बंगालच्या उपसागराला जातं आणि तिकडं पडलेलं थोडक्यात अरबी समुद्राला. बारा वर्षांच्या पोराला ते एकदा डोळ्यांनी दिसलं की पुस्तकात परत वाचायला लागत नाही.

परतीला पळसंबे. फाट्यावरनं थोडं आत, ओढ्याच्या पात्रात मोठाल्या धोंड्यांमधनंच कोरून काढलेली छोटी देवळं, बाजूनं दाट झाडी, पाणी वाहतं. ११ च्या उन्हात तिथली सावली एक नंबर. खाली उतरायला पायऱ्या आहेत, शेवाळ असेल तर सासूबाईंना वरच बसवा, खुर्ची आहेच. गगनबावड्याला जाणारी निम्मी माणसं इथं थांबत नाहीत याचं मला कायम वाईट वाटतं.

त्यानंतर गुऱ्हाळ. यासाठी तुमची तारीख अगदी बरोबर आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि तिथनं हंगाम रंगात येतो. कळ्याच्या अलीकडं-पलीकडं रस्त्यावरनं धूर दिसला की गाडी बाजूला घ्या आणि मालकाला विचारा, कोल्हापुरात गुऱ्हाळावर आलेल्याला नाही म्हणत नाहीत. चुलवाणावर भलीमोठी कायल, म्हंजे पसरट कढई असते, खाली जाळ घालणारा जळव्या चिपाडं सारत असतो, रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालतात त्यानं मळी वर येते, ती काढतात. सगळा खेळ गुळव्याच्या, म्हंजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या डोळ्यावर असतो. तो अधनंमधनं उकळता पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी होते का बघतो, थर्मामीटर नाही काही नाही, गोळी जमली की ओरडतो आणि चार माणसं कायल उचलून वाफ्यात ओततात, तो आवाज आणि तो वास, मी इतकी वर्षं बघतोय तरी थांबतो. त्याच्या आधीची पातळ काकवी एका बाटलीत मागा, गरम भाकरीबरोबर खा. मुलांना कायलीपासनं दहा हात लांब धरा, हात धरून, हे सांगायला मी विसरत नाही कारण उकळता रस अंगावर उडाला तर तेलापेक्षा वाईट, चिकटून बसतो.

दीड-दोनला परत कोल्हापुरात, जेवा, सासूबाईंना दोन तास आडवं होऊ द्या. साडेपाचला रंकाळा चौपाटीवर या. चौपाटी पूर्वेच्या काठाला आहे म्हणून सूर्य पाण्यापलीकडं बुडतो. घाटातला सूर्यास्त सोडा असं मी म्हणतोय ते यासाठीच, कारण घाटात ६ ला सूर्य बुडाला की पुढचे ५५ किलोमीटर अंधारात, आणि ऊसाचा सीझन चालू झाल्यावर त्या रस्त्यावर रात्री ट्रॉल्या, बैलगाड्या, कधी राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला गवाही रस्त्यावर आडवा. इथं सूर्य बुडाला की भेळ खाऊन अंबाबाईचं दर्शन घ्या, तिथनं तुम्ही दहा मिनिटात घरी.

पन्हाळ्याचं वाईट वाटेल मला कळतंय, २०२५ ला मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर त्याचंही नाव जागतिक वारशात गेल्यापासून प्रत्येकाला तिथं जायचंय, आणि जावंच. पण तो किल्ला पळत बघायचा नाही. १६६० ला जिथनं महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले ती जागा, अंबरखान्याची कोठारं, सज्जा कोठी, तीन दरवाजा, अंधार बाव, याला निवांत चार-पाच तास पाहिजेत. त्याची एक सोय म्हंजे बऱ्याच ठिकाणी गाडी जवळ जाते, त्यामुळं गुडघ्याचं फारसं अडत नाही. लग्नाच्या आदल्या किंवा नंतरच्या कुठल्या दिवशी अर्धा दिवस मोकळा निघाला तर तो पन्हाळ्याला द्या. आणि तुमच्या एका दिवशी पहाटे उठून बघितलं आणि पाऊस लागलाय, आभाळ गच्च आहे, तर गगनबावडा रद्द करून सरळ पन्हाळ्याला जा, ढग असले तरी किल्ला दिसतो, दरी दिसत नाही.

अजून एक, त्या दिवसांत ऊसदराचं आंदोलन पेटलेलं असतं बऱ्याचदा, रस्ता रोको होतो. आदल्या रात्री इथल्या नातेवाईकांना विचारा, त्यांना पेपरातनं माहीत असतं. आंदोलन असेल तर वाद घालू नका, हॉर्न मारू नका, गाडी बंद करून बसा, गाडीत म्हातारं माणूस आहे म्हटल्यावर पोरंच वाट करून देतात, माझा अनुभव आहे.

आता मला लग्नाची नेमकी तारीख कळवा. तुमचा मोकळा दिवस ९, १० किंवा ११ नोव्हेंबरला येत असेल तर संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं आत गाभाऱ्यापर्यंत येतात, गर्दी तुफान. तसं असेल तर दर्शन संध्याकाळचं सोडून दुसऱ्या दिवशी पहाटेचं ठेवू. आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही लिहा.